तिऱ्हाइताचा शब्द

न्यायनिवाडा करणाऱ्या माणसासाठी इंग्रजीत बरीच नावे आहेत आणि त्या माणसाचा अधिकार कुठून येतो हे प्रत्येक नाव निराळ्या तऱ्हेने सांगते. ‘जज’ हा शब्द ज्या लॅटिन शब्दापासून आला त्याचा अर्थ ‘कायदा बोलून दाखवणारा’ असा होतो. ‘ज्युरर’ म्हणजे शपथ घेतलेला. ‘रेफ्री’ म्हणजे ज्याच्याकडे वाद सोपवला जातो तो. ‘क्रिटिक’च्या मुळाशी असलेल्या ग्रीक क्रियापदाचा अर्थ वेगळे काढणे, निवडणे असा आहे, आपल्या ‘निवाडा’ या शब्दातही ‘निवडणे’ ऐकू येतेच. कायदा, शपथ, विश्वास, पारख असे काही ना काही या प्रत्येक शब्दाच्या पोटात आहे. ‘अंपायर’ या शब्दाच्या पोटात यांपैकी काहीही नाही. जुन्या फ्रेंचमधील ‘नॉनपेर’ या शब्दाचा तो वंशज, आणि ‘नॉनपेर’ म्हणजे ज्याची जोडी लागत नाही तो, सम नसलेला, विषम. चौदाव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीने तो ‘नूम्पेर’ अशा रूपात घेतला आणि पुढे बोलण्याच्या ओघात त्याचा पहिला ‘न’ आधीच्या ‘अ’ या उपपदाला जाऊन चिकटला. ‘अ नूम्पेर’चे ‘अ‍ॅन ऊम्पेर’ झाले. ‘एप्रन’ या शब्दाचाही आरंभीचा ‘न’ असाच गळून गेला आहे. शब्दांच्या इतिहासात असे अपघात होतच असतात. या अपघाताने मात्र एक नुकसान केले. ‘नॉन’ हा नकार दिसेनासा झाला आणि त्याबरोबर ‘दोघांपैकी कोणाचाच नसलेला’ हा अर्थही दृष्टीआड गेला.

आज अंपायर म्हणजे ज्याची नजर तीक्ष्ण आहे आणि ज्याचा निर्णय अचूक असला पाहिजे असा माणूस, असे आपण गृहीत धरतो. त्या गृहीतावर उभे राहून आपण विचारतो की कॅमेऱ्याला माणसापेक्षा अधिक अचूक दिसत असेल तर माणूस हवाच कशाला. माझे म्हणणे असे आहे की हा प्रश्न चुकीच्या शब्दाला विचारला जात आहे. अंपायर हे पाहणाऱ्याचे नाव कधीच नव्हते. दोन बाजूंची बरोबरी होऊन अडलेला वाद, दोघांच्या संमतीने, आपल्या एका मताने मोकळा करणाऱ्या तिऱ्हाइताचे ते नाव आहे. यंत्र उत्तम साक्षीदार होऊ शकते, पण ते तिऱ्हाईत होऊ शकत नाही.

हा शब्द इंग्रजीत नवा होता तेव्हाचा त्याचा एक वापर पाहण्यासारखा आहे. विल्यम लँगलंड या चौदाव्या शतकातील कवीच्या दीर्घकाव्यात दारूच्या गुत्त्यातील एक प्रसंग येतो. एक मोची आपला झगा अदलाबदलीसाठी पुढे टाकतो, घोडे सांभाळणारा एक जण त्यासमोर आपली टोपी टाकतो, आणि दोन वस्तूंच्या किमतीत जो फरक निघेल तो भरून द्यायचा असे ठरते. किंमत करायला माणसे उठतात, बाजूला जाऊन कुजबुजतात, शपथांवर शपथा घेतात आणि तरी त्यांचे एकमत होत नाही. शेवटी रॉबिन नावाच्या दोर वळणाऱ्याला उठवतात आणि भांडण मिटावे म्हणून त्याला ‘नूम्पेर’ नेमतात. निकाल लागतो आणि पुढे असेही ठरते की जो कोणी या व्यवहाराबद्दल आधी कुरकुर करील त्याने एक गॅलन दारू पाजायची. या प्रसंगात रॉबिनला झग्यांची पारख होती असे कुठेही म्हटलेले नाही. तो तर दोर वळणारा. पारख असलेल्यांनी आपले काम आधीच करून पाहिले होते आणि त्यातूनच कोंडी झाली होती. रॉबिनकडे होती ती एकच पात्रता, की तो झगेवालाही नव्हता आणि टोपीवालाही नव्हता. कुरकुरीवरचा दंडही निकाल लागल्यावर तो मोडू नये यासाठी आहे. निकाल बरोबर होता की नाही हे तपासण्याची सोय त्यात नाही.

इंग्लंडच्या लवाद कायद्यात हा जुना अर्थ अजून जसाच्या तसा जपलेला आहे. तेथील 1996 च्या कायद्याच्या 21 व्या कलमानुसार लवादात अंपायर नेमला असेल तर, पक्षकारांनी वेगळे ठरवले नसल्यास, निर्णय इतर लवाद घेतात. अंपायर हजर असतो, ऐकत असतो, पण त्यांचे एकमत असेपर्यंत त्याला मत नसते. त्यांचे बिनसले की ते बाजूला होतात आणि अंपायर एकटाच, जणू तो एकमेव लवाद आहे अशा रीतीने, निर्णय देतो. त्याच कायद्यातील अध्यक्ष निराळा. तो पहिल्यापासून इतरांच्या बरोबरीने मत देतो. कायदा लिहिणाऱ्यांनी हे दोन शब्द वेगळे ठेवले हे मला महत्त्वाचे वाटते, कारण रोजच्या बोलण्यात आपण ते केव्हाच एक करून टाकले आहेत.

मराठी वाचकाला हे समजायला फार लांब जावे लागत नाही. आपण अंपायरला पंच म्हणतो, आणि पंच म्हणजे पाच. पाच हा आकडाही विषमच. पाचांत बरोबरीची फूट पडू शकत नाही; कसेही भांडले तरी तीन एका बाजूला राहतात. दूरच्या दोन भाषांनी निवाडा करणाऱ्याला नाव देताना त्याच्या शहाणपणाकडे न पाहता आकड्याकडे पाहिले, हा योगायोग असेलही, पण मला तो अर्थपूर्ण वाटतो. ‘पाचामुखी परमेश्वर’ असे आपण म्हणतो तेव्हाही त्या पाचांपैकी कोणी एक सर्वज्ञ आहे असा दावा नसतो. शिवाय मराठीकडे ‘तिऱ्हाईत’ हा शब्द आहे, जो ऐकायला किंचित उपरा आणि कोरडा आहे आणि म्हणूनच ‘नॉनपेर’च्या सर्वांत जवळ जातो. तटस्थ माणूस काठावर उभा असतो, मध्यस्थ दोघांच्या मधे असतो आणि बहुधा दोघांचीही समजूत काढत असतो. तिऱ्हाईत मात्र फक्त तिसरा असतो. एक अडचण सांगायला हवी. पंचनाम्यातले पंच निवाडा करत नाहीत, ते साक्षीला असतात. म्हणजे साक्ष आणि निवाडा यांची सरमिसळ आपल्या शब्दातही झालेलीच आहे, आणि माझ्या मते आजच्या सगळ्या गोंधळाचे मूळ याच सरमिसळीत आहे.

क्रिकेटच्या नियमांनी ती सरमिसळ बराच काळ आवरून धरली. 1744 च्या सर्वांत जुन्या लिखित नियमांत अंपायरचा निर्णय अंतिम राहील असे म्हटले आहे आणि त्याला जोडूनच, दोन्ही बाजूंच्या संमतीशिवाय अंपायर बदलता येणार नाही असेही बजावले आहे. ही दोन विधाने शेजारी शेजारी असणे हाच माझ्या लेखी मुद्दा आहे: निर्णय अंतिम का, तर माणूस दोघांनी मान्य केलेला आहे म्हणून. तो चुकत नाही, असे नियमांनी कुठेही म्हटलेले नाही. आजही 31 व्या नियमानुसार क्षेत्ररक्षण करणाऱ्यांनी अपील केल्याशिवाय अंपायरला कोणालाही बाद देता येत नाही, मग फलंदाज नियमाप्रमाणे धडधडीत बाद का असेना. केवळ पाहणे आणि सांगणे एवढेच अंपायरचे काम असते तर हा नियम वेडगळ ठरला असता. जे दिसले ते सांगायला परवानगी कशाला लागते? पण अंपायर हा प्रश्नाचे उत्तर देणारा आहे, आणि प्रश्न मैदानातून यावा लागतो. दोन बाजूंत मतभेद नसेल तर तिसऱ्याला तोंड उघडण्याचे कारणच नाही.

हे मला पुस्तकातून कळण्याआधी एका मैत्रीपूर्ण सामन्यात कळले होते. पाय मुरगळल्यामुळे मी खेळत नव्हतो, म्हणून दोन्ही कप्तानांनी मला अंपायर केले. माझी तीच पात्रता. माझ्याच टोकाला धावबादचे अपील झाले. यष्टींच्या रेषेत येण्यासाठी मी बाजूला सरकायला हवे होते, ते मला अर्धा क्षण उशिरा सुचले, आणि नेमका त्या अर्ध्या क्षणात गोलंदाज माझ्या नजरेच्या आड आला. बेल्स पडलेल्या दिसल्या, बॅट आत आलेली दिसली, पण आधी काय झाले ते दिसले नाही. मी ‘नॉट आउट’ म्हणालो. क्षेत्ररक्षण करणाऱ्या कप्तानाने जवळ येऊन विचारले, “दिसलं का तुला?” मी खरे ते सांगितले, “नाही.” तो म्हणाला, “मग दिलंस कशावरून?” मला तेव्हा उत्तर सुचले नाही. तो दोन क्षण माझ्याकडे पाहत राहिला, मग वळून गोलंदाजाकडे चेंडू टाकला आणि आपल्या जागी गेला. आज मला त्याचे उत्तर देता येते. संशय असेल तर फायदा फलंदाजाला, हा नियम नेमका न दिसण्यासाठीच केलेला आहे. न दिसणे ही अंपायरच्या कामातली रोजची गोष्ट आहे आणि तरीही निर्णय द्यावाच लागतो. साक्षीदाराला ‘मी पाहिले नाही’ असे सांगून मोकळे होता येते. अंपायरला येत नाही.

तंत्रज्ञान आले ते साक्षीदार म्हणून आले आणि तसे ते स्वागतार्हच होते. नोव्हेंबर 1992 मध्ये दरबान कसोटीत सचिन तेंडुलकर हा पडद्यावर चित्रण पाहणाऱ्या तिसऱ्या पंचाच्या निर्णयाने धावबाद ठरलेला पहिला फलंदाज झाला. रेषेच्या आत की बाहेर हा प्रश्न चित्र थांबवून पाहिल्यावर सुटतो, आणि तो मानवी डोळ्यावर सोडण्यात काही पावित्र्य आहे असे मला वाटत नाही. गुंता पुढे झाला. 2008 मध्ये भारत-श्रीलंका मालिकेत निर्णयाच्या फेरतपासणीची पद्धत प्रथम अजमावली गेली आणि कालांतराने पायचीतच्या निर्णयासाठी चेंडूचा पुढचा मार्ग पडद्यावर दिसू लागला. हा मार्ग कोणी पाहिलेला नसतो. चेंडू पॅडला लागून थांबलेला असतो. तो पुढे गेला असता तर कुठे गेला असता याचा हिशोब यंत्र करते. म्हणजे येथे यंत्र केवळ साक्षीदार उरत नाही, तर अंदाज बांधणारा तज्ज्ञ होते.

‘अंपायर्स कॉल’ या तरतुदीचा जन्म येथेच झाला आणि तिच्यावरच सर्वांत जास्त टीका होते. चेंडूचा निम्म्याहून कमी भाग यष्टींना लागेल असे यंत्र सांगत असेल, तर मैदानावरील पंचाने आधी जे दिले तेच कायम राहते. त्यामुळे अगदी सारखे दोन चेंडू, एकात फलंदाज बाद आणि दुसऱ्यात नाबाद, असे होऊ शकते. अनेक माजी खेळाडूंना हे हास्यास्पद वाटते: चेंडू यष्टींना लागतो तरी किंवा लागत नाही तरी, मग अर्धवट लागणे म्हणजे काय? युक्तिवाद सरळ आहे आणि ऐकताक्षणी पटतो. पण तो यंत्राच्या अंदाजाला घडलेली गोष्ट समजतो. अंदाजाला चूक असते. ती जिथे निर्णय फिरवू शकेल इतकी मोठी असते, त्या पट्ट्यात यंत्र आपला शब्द मागे घेते आणि ज्याला दोघांनी आधीच मानले आहे त्याचा शब्द ठेवते. मला ही तरतूद आजच्या सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत प्रामाणिक भाग वाटते. ती काढून टाकली तर वाद संपणार नाहीत. फक्त अंदाजालाच खात्री म्हणण्याची सवय लागेल. तिचे नाव तेवढे दुर्दैवी आहे, कारण ते ऐकून वाटते की ही अंपायरच्या चुकीला दिलेली सवलत आहे.

या सगळ्याला एक गंभीर आक्षेप आहे. तिऱ्हाईतपणाचे गोडवे गाणे सोपे, पण तिऱ्हाईत खरोखरच तिऱ्हाईत असतो का? कसोटी क्रिकेटमध्ये शतकभराहून अधिक काळ यजमान देशाचेच अंपायर उभे राहत होते आणि पाहुण्या संघांना त्यांच्याविषयी काय वाटत होते ते जाहीर आहे. 1987 मध्ये फैसलाबादला इंग्लंडचा कप्तान माइक गॅटिंग आणि अंपायर शकूर राणा यांची खडाजंगी झाली आणि पुढचा अख्खा दिवस खेळच झाला नाही. त्याच्या आदल्या वर्षी पाकिस्तान-वेस्ट इंडिज मालिकेत व्ही. के. रामस्वामी आणि पिलू रिपोर्टर हे दोन भारतीय अंपायर उभे करण्याचा प्रयोग झाला होता, आणि 2002 पासून कसोटीत दोन्ही अंपायर तिसऱ्या देशाचे असावेत हा नियम झाला. मला या इतिहासात माझ्या म्हणण्याचा पुरावाच दिसतो. लोकांनी आधी अधिक चांगली नजर मागितली नाही; त्यांनी आधी दोघांपैकी कोणाचाही नसलेला माणूस मागितला. चूक माणसे सोसतात, पक्षपाताचा वास सोसत नाहीत. 2020 मध्ये साथीच्या काळात प्रवास बंद झाल्यावर पुन्हा यजमान देशाचे अंपायर चालवून घ्यावे लागले, तेव्हा दोन्ही संघांना प्रत्येक डावात एक जास्तीचा रिव्ह्यू देण्यात आला. तिऱ्हाईतपण जेवढे कमी झाले तेवढे यंत्र वाढवले, असा तो हिशोब होता. तो व्यवहार्य होता, पण विश्वासाच्या जागी तारण ठेवावे तसा. तारणाने देणे भरून निघते, विश्वास भरून निघत नाही.

चूक सोसण्याविषयी बेसबॉलमधला एक प्रसंग मला कधीच विसरता आला नाही. 2 जून 2010 रोजी डेट्रॉइटमध्ये अरमांडो गलारागा या पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, ओळीने सव्वीस फलंदाज बाद केले होते. सत्ताविसावा बाद झाला की ‘परफेक्ट गेम’, म्हणजे समोरचा एकही फलंदाज सुटू न देता संपवलेला सामना, जो मिळवणाऱ्यांची संख्या सव्वाशे-दीडशे वर्षांच्या इतिहासात बोटांवर मोजत जावी इतकी थोडी आहे. सत्ताविसावा फलंदाज बाद होता. अंपायर जिम जॉइस यांनी त्याला ‘सेफ’, म्हणजे नाबाद, ठरवले. सामना संपल्यावर चित्रण पाहून जॉइस यांनी आपली चूक जाहीरपणे कबूल केली. दुसऱ्या दिवशी तेच मुख्य अंपायर होते, आणि खेळाडूंची यादी त्यांच्या हाती द्यायला संघाने गलारागालाच पाठवले. जॉइस डोळे पुसत होते. लीगने निर्णय बदलला नाही. काही वर्षांत, 2014 मध्ये, तेथे चित्रण पाहून निर्णय फिरवण्याची सोय बरीच वाढवण्यात आली आणि ते योग्यच झाले. त्या पिचरचे जे गेले ते जायला नको होते. पण यादी हातात देण्याचा तो क्षण पडद्यासमोर घडू शकला नसता, कारण पडद्याला मान्यता देण्याचा किंवा नाकारण्याचा प्रश्नच येत नाही. गलारागाने त्या माणसाला दुसऱ्यांदा अंपायर म्हणून मान्य केले, आणि तेही त्याच्या चुकीची पूर्ण माहिती असताना.

शब्दाचा अर्थ निसटला की तो भलत्या ठिकाणी वापरला जातो, याचे सर्वांत ठळक उदाहरण मैदानाबाहेरचे आहे. सप्टेंबर 2005 मध्ये अमेरिकेच्या सरन्यायाधीशपदासाठी सिनेटसमोर बोलताना जॉन रॉबर्ट्स यांनी न्यायाधीशांची तुलना अंपायरशी केली: अंपायर नियम बनवत नाहीत, लागू करतात. तेव्हापासून न्यायाधीशाने किती मर्यादेत राहावे या चर्चेत ही उपमा सतत येते. तिच्यातली नम्रता चांगली आहे, पण उपमा दोन्ही बाजूंनी लंगडी पडते. न्यायाधीश दोन्ही पक्षांच्या संमतीने नेमलेला नसतो. आरोपी त्याला मान्य करो वा न करो, राज्याने दिलेल्या अधिकाराने तो तिथे बसलेला असतो, आणि म्हणूनच त्याला सविस्तर कारणे द्यावी लागतात आणि त्याच्या निकालावर वरच्या न्यायालयात दाद मागता येते. अंपायर बोट वर करतो. कारणे लिहून देत नाही, कारण त्याचा अधिकार कारणांवर नव्हे, मान्यतेवर उभा असतो. राज्याच्या बळावर बसलेल्या माणसाने ‘मी नुसता अंपायर’ म्हणणे म्हणजे ज्याला कारणे विचारता येत नाहीत अशा माणसाची टोपी घालणे. सभागृहाचा अध्यक्ष, निवडणूक घेणारी यंत्रणा, बाजाराचा नियंत्रक या सगळ्यांनाच आपण हल्ली सरसकट अंपायर म्हणतो. त्यांपैकी कोणाला दोन्ही बाजूंनी निवडले आहे, एवढा एक प्रश्न विचारला तरी निम्मी नावे गळून पडतील.

टेनिसमध्ये हा शब्द आता कुठे येऊन पोहोचला आहे ते 6 जुलै 2025 रोजी विम्बल्डनच्या सेंटर कोर्टवर दिसले. 1877 पासून चालत आलेले रेषेवरचे पंच त्या वर्षी प्रथमच नव्हते; चेंडू आत की बाहेर ते यंत्र बोलून सांगत होते. त्या पंचांच्या जाण्याबद्दल मला हळहळ वाटली तरी तक्रार नाही, कारण ते शब्दशः साक्षीदार होते. अनास्तासिया पाव्ल्युचेन्कोव्हा आणि सोने कार्टाल यांच्या सामन्यात कार्टालचा एक फटका रेषेच्या स्पष्ट बाहेर पडला आणि यंत्र गप्प राहिले. एका गेमच्या काही भागापुरते ते चुकून बंद झाले होते. उंच खुर्चीवर अंपायर बसलेला होता. त्याने खेळ थांबवला, फोनवरून विचारणा केली आणि गुण पुन्हा खेळायला लावला. पाव्ल्युचेन्कोव्हा तो गेम हरली, सामना जिंकली, आणि नंतर म्हणाली की चेंडू बाहेर होता हे खुर्चीवरच्या अंपायरनेही पाहिले होते, तसे त्याने तिला सांगितले. तिला हवा होता तो त्याचा शब्द, आणि त्याने तिला दिली ती यंत्राची वाट पाहण्याची मुभा. पाहणे त्याच्याकडून काढून घेतले गेले होते हे समजण्यासारखे आहे. पण दोघींमधला वाद अडला त्या क्षणी निर्णय देणे हे काढून घेतल्यावर त्या खुर्चीला शिडी का लावायची, हे मात्र कोणी सांगितले नाही.